कोरड्या आडाला सांगितलेलं

१

शिंगणापुरात घरांना दारं नव्हती. चौकटी होत्या, पण फळ्या नाहीत, कड्या नाहीत, कुलूप तर कुणी पाहिलेलंही नाही. गाव राखायला देव चौथऱ्यावर उभा असताना माणसानं कशाला राखायचं, असा सगळा कारभार. त्यामुळे सकाळी कुणाच्या घरात काय चाललंय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सहज दिसे. मनकर्णेच्या घरात दिसायचं ते एवढंच, की एक किडकिडीत बाई उंबऱ्यावरची आडवी फळी उचलून बाजूला ठेवते आणि घराच्या कडेच्या परसातल्या आडाकडे जाते. ती फळी कुत्र्यांसाठी होती. मांडीएवढी उंच, नुसती टेकवायची.

आडावर मनकर्णा आधी पाणी शेंदत नसे. पदर डोक्यावरून नीट घेऊन, काठाच्या दगडावर दोन्ही हात टेकून ती खाली वाकायची आणि रात्री पडलेलं वाईट स्वप्न पाण्याला सांगायची. हळू सांगायची, पण काही गाळायची नाही. मग पहिली बादली कुंपणाच्या बाभळीला ओतायची आणि दुसरीपासून घरचं पाणी भरायचं.

सासूनं, रतनबाईनं, लग्नाच्या पहिल्या वर्षातच हे शिकवलं होतं. "वंगाळ सपान मानसाला सांगू नये, त्याला लागतं. पान्याला सांगावं. पानी पोटात घेतं."

पुढं लेक झाली, मथी. फळीला धरून उभं राहायला शिकली, फळी हलवून हलवून सगळ्या आळीला हाका मारायला लागली, आणि गोवराच्या साथीत गेली. तेव्हाही सासूनं तेच सांगितलं. "घरात रडू नगं मनकर्णे. रडलेल्या घरात दुसरं लेकरू यायला भितं. काय आसंल ते आडाला सांग."

मनकर्णेनं ऐकलं. घरात रडली नाही. पुढं सासूही गेली, दुसरं लेकरू आलं नाही, पण नेम राहिला. शनिवारचा उपास, सोळा सोमवार, संकष्टी आणि आडाचं सांगणं. कधीतरी देव वळून बघेल, आणि तो बघेल तेव्हा आपला नेम चालू असलेला बरा, असं तिला मनापासून वाटायचं.

२

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, यायचा, त्याच्या भाकरी थापताना तुटायच्या. बायका-पुरुष सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला. टँकर आला तर आला, नाहीतर हंडे रांगेत तसेच उन्हात तापत बसायचे.

संक्रांतीच्या सुमाराला मनकर्णेचा आड आटला. सोडलेली बादली खाली जाऊन खडखडली आणि आडवी झाली. तिनं दोर ओढून घेतला, बादलीच्या बुडाला लागलेला ओला गाळ बोटानं पुसला.

सांगायचं कुणाला? टँकरचं पाणी हंड्यात होतं, पण ते पिण्याचं. त्यात स्वप्न सांगायचं आणि तेच नवऱ्याला तांब्यानं प्यायला द्यायचं, हे काही तिच्या मनाला पटेना. नदी कोल्हारला, माहेरी. म्हणजे तीही नुसती वाळूच असणार. शेवटी तिनं नेहमीसारखे हात टेकले आणि कोरड्या आडालाच सांगितलं. आड तोच आहे, पाणी आज ना उद्या येईल, आल्यावर घेईल पोटात. नेम आपल्याकडून मोडायला नको.

पाणी नसल्यामुळे आड आता घुमायचा. शेजारची चांगुणा एकदा कुंपणावरून डोकावून म्हणाली, "का गं, आडात कुनी दाजीबा लपवून ठिवलाय का? रोज सकाळी गुजगोष्टी चालत्यात." आणि हसली. तिचं हसू आडात पडलं, फिरलं आणि मोठं होऊन वर आलं.

मनकर्णाही हसली. मग तिच्या ध्यानात आलं, की आपलं बोलणं कधीच वर येत नाही. चांगुणा घरात गेल्यावर तिनं वाकून हळूच "ओ" अशी हाक दिली. थांबली. काही आलं नाही. खाली कुणी ओंजळीत धरून घ्यावा तसा आवाज गेला तो गेलाच.

आपण हळू बोलतो म्हणून असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. आणि त्यात खोटं तरी काय होतं, हळूच बोलली होती ती.

३

मिशनच्या दवाखान्यातल्या कृपा सिस्टर आठवड्यातून एकदा खडीच्या कामावर यायच्या. बाभळीच्या सावलीत पेटी उघडून बसायच्या. त्यांनी मनकर्णेच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"रक्त नाही अंगात. झोप कशी लागते?"

"लागती की. पर सकाळी उठले की वाटतं, रातभर दुसऱ्याच्या घरी राबून आले."

"स्वप्नं पडतात?"

मनकर्णा हातातल्या खडीच्या कपच्याशी खेळत राहिली. "एकच पडतं. सारखं सारखं."

"काय?"

"ते न्हाई सांगायचं सिस्टरबाई. तुमाला लागंल."

"मला लागायला जागा कुठंय? तुमच्या गावाचे सगळे खोकले मलाच लागलेत." सिस्टर हसल्या, आणि मग हसू आवरून म्हणाल्या, "अंगात रक्त कमी पडलं, मनावर ओझं राहिलं, की झोप वरवरची होते मनकर्णाबाई. मग माणूस तेच तेच बघत राहतो. शरीर काहीतरी सांगत असतं. पोटात दाबून ठेवू नका. मालकांशी बोला. रडावंसं वाटलं तर घरात बसून मोकळं रडा, तेही औषधच आहे."

रडण्याचं नाव निघताच मनकर्णा उठली. लाल गोळ्यांची पुडी पदरात बांधली आणि हातोडा घेतला.

स्वप्न असं, की ती आपल्याच घरात चुलीपुढं बसलेली आहे आणि चुलीमागच्या भिंतीत एक दार आहे. जुनं, लाकडी, बंद. कोल्हारच्या घरात होतं तसं, साखळीच्या कडीचं. लग्न होऊन इथं आल्यापासून तो कडीचा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. स्वप्नात तो यायचा. खडक्, आणि पुन्हा थोड्या वेळानं खडक्. पलीकडून कुणी दार लोटत होतं. चिडून नाही, घाईनंही नाही. थकलेलं माणूस थांबून थांबून लोटतं तसं. स्वप्नात ती कधीही जागेवरून उठली नव्हती. भाकरी करपत जायची, कडी वाजत राहायची, आणि जाग यायची.

४

चैत्र सरता सरता तिचा नवरा कानिफ म्हणाला, "आड उपसून घिऊ. पाऊस यायच्या आत गाळ काढला तर चार घागरी जास्तीच्या मिळतील."

मनकर्णेला नको म्हणायचं होतं, पण का नको ते सांगता येईना. पुरुषांना आडाचं सांगणं म्हणजे बायकांची खुळं.

सुट्टीच्या दिवशी चांगुणेचा नवरा छगन दोर धरून काठावर उभा राहिला आणि कानिफ खाली उतरला. सकाळभर बादल्या वर येत होत्या. काळा गाळ, फुटक्या घागरीची खापरं, कधीकाळी पडलेला तांब्या. खालून कानिफचं बोलणं घुमत येत होतं, छगनच्या चेष्टा खाली जात होत्या. "लंकेला पोचला का रं? पोचलास तर मारुतीला रामराम सांग."

मग बराच वेळ खालून काही आलं नाही. छगननं दोर हलवला. कानिफ वर आला तो घामानं नाही, नुसत्या गाळानं भिजलेला. काठावर बसला आणि म्हणाला, "खाली कडी कशाची वाजती?"

"बादलीची आसंल," छगन म्हणाला.

"बादली तुज्यापशी हुती."

छगननं बादलीकडं पाहिलं. ती त्याच्या पायाशी होती, गाळानं भरलेली. "मग दगूड ढळला आसंल," तो म्हणाला, आणि विडी काढली.

मनकर्णा दोघांसाठी पाणी घेऊन आली होती. तांब्या नवऱ्याच्या हातात देताना तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं नाही. शिंगणापुरात जन्मलेला माणूस, दाराची कडी त्यानं ऐकली असेल ती सोयरिकीला परगावी गेला तेव्हा.

५

त्यानंतर मनकर्णेला स्वप्न पडेना.

पहिल्या सकाळी ती आडावर वाकली आणि सांगायला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. अंथरुणाला पाठ टेकली की सकाळच व्हायची. भूक लागायला लागली. मिलोची भाकरीही गोड लागायची. कृपा सिस्टरांनी पापणी ओढून पाहिली आणि खूश झाल्या. "बघा, गोळ्यांनी रंग आला. मालकांशी बोललात ना?"

मनकर्णा नुसती हसली. शनिवारी तिनं देवाला जास्तीचं तेल वाहिलं. एवढ्या वर्षांनी देवानं मान वळवली, असं तिला वाटलं, आणि त्या आनंदात पंधरवडाभर तिनं नवऱ्याकडं नीट पाहिलंच नाही.

पाहिलं तेव्हा कानिफ वाळला होता. डोळ्यांखाली काळं, ओठांना साल. खडी फोडताना त्याला डुलकी लागली आणि हातोडा अंगठ्यावर बसला, नख निघून आलं. मुकादमानं त्याला घरी पाठवलं. जेवायला बसला की चुलीमागच्या भिंतीकडं बघत घास हातात धरून बसायचा.

"झोप येत न्हाई का?" तिनं विचारलं.

"येती. पर रातभर झोपंतच राबतो." तो म्हणाला. "भाकरी करपतीया, उठ की जरा."

तव्यावर भाकरी नव्हती. चूल विझलेली होती.

मनकर्णेनं भांडी गोळा केली. राखेनं जास्तच घासली. झोपेत आपण बडबडलो असू, तिनं मनाशी जुळवलं, त्यानं ऐकलं असेल, ऐकलेलं डोक्यात राहिलं असेल. एका छपराखाली झोपणाऱ्या दोघांना एकच काळजी, मग स्वप्न एकच पडलं तर त्यात नवल ते काय. कृपा सिस्टर असंच काहीतरी म्हणाल्या असत्या. सगळं जुळत होतं. फक्त आपण बऱ्या का झालो, ते तेवढं जुळेना.

६

घोडेगावच्या बाजाराला कानिफ गेला तो बैल बघायला गेला, असं गावाला वाटलं. दुष्काळात कसले बैल? संध्याकाळी तो फडक्यात काहीतरी बांधून घेऊन आला आणि घरात ठोकाठोक सुरू झाली.

चांगुणा कुंपणावरून आली. तिची चेष्टा कुठल्या कुठं गेली होती. "मनकर्णे, भाऊजी काय ठोकत्यात गं?"

दोघी चुलीपाशी गेल्या. मागच्या मातीच्या भिंतीत कानिफनं साखळीची एक नवी कडी आणि तिचा कोयंडा ठोकून बसवला होता. सारवलेली सपाट भिंत, आणि तिला कडी लावलेली. खाली, मांडीच्याही खाली. वाकल्याशिवाय हात पोचू नये एवढी खाली.

"पयली झिजलीया," तो बायकोला म्हणाला, जसं काही ती विचारतच होती. "धरायची न्हाई आता."

चांगुणेनं तोंडाला पदर लावला. "अगं बया. देवाच्या गावात कडी? कुनी बघितलं तर?" आणि मग हळू आवाजात, "भाऊजींचं काय ठीक दिसंना गं. नगरला दवाखान्यात ने त्यांना. आसंच आमच्या मामाचं झाल्तं. सा महिन्यांत गेला."

ती गेल्यावर मनकर्णा नवऱ्यापुढं बसली. उजेड अजून होता. चौकटीतून रस्ता दिसत होता, टँकरची वाट बघणारे हंडे दिसत होते.

"काय बघता तुमी झोपंत? मला सांगा."

"नगं. आय म्हनायची, मानसाला लागतं."

"माजंच हाय ते," ती म्हणाली. "मी आडात ठिवलं हुतं. पानी न्हवतं, तरी ठिवलं. तुमी खाली उतरला आन् तुमाला लागलं. माजं मला परत द्या."

कानिफ तिच्याकडं वळला. आपली बायको रोज आडात काय बोलते, हे त्यानं इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. मग तो बोलायला लागला. सगळं तेच होतं. चूल, भाकरी, दार, थांबून थांबून वाजणारी कडी. मनकर्णा मान हलवत ऐकत होती. पण त्याचं सांगणं तिच्या स्वप्नापाशी संपलं नाही.

"म्या उठून जवळ गेल्तो," तो म्हणाला. "तुला ठावं हाय का, कडी आपल्या अंगाला हाय. पलीकडनं न्हाई. आपनच लावलीया."

तिनं भिंतीवरच्या नव्या कडीकडं पाहिलं.

"आन् धक्का खाली लागतोय, मनकर्णे. वर न्हाई. गुडघ्याच्या जरा वर. फळी हालवावी तसा."

एवढं बोलून तो थांबला. त्याचा खालचा ओठ लहान पोरासारखा वाकडा झाला, आणि मथी गेल्यापासून पहिल्यांदा त्या घरात कुणीतरी रडलं. मनकर्णेनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ती रडली नाही. तिचं सगळं आडात होतं.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी कानिफ झोपला तो गाढ. घोरत होता. कपाळावरची आठी गेली होती, दुखरा अंगठा छातीवर सैल पडला होता. मनकर्णेनं त्याला बराच वेळ वारा घातला. वैशाखाची दुपार, गाव निपचित, कुत्रीसुद्धा पारामागच्या सावलीत. असा तो निजलेला बघून तिला फार बरं वाटलं. आपलं ओझं आपल्याकडं आलं, ते आपण वाहू. पाऊस पडेल, आडाला पाणी येईल, मग सांगू. चार महिने म्हणजे काय एवढे, मनात मोजत मोजत तिचा डोळा लागला.

चुलीपुढं ती बसली होती. भाकरी करपत होती. कडी वाजली.

या खेपेला ती उठली. खडीच्या कामानं दुखणारे गुडघे स्वप्नातही दुखत होते. दारापाशी जाऊन ती खाली बसली, कारण कडी खालीच होती. साखळी गार होती, आडातून काढलेल्या दोरासारखी ओली. पलीकडं कुणी लोटायचं थांबलं आणि वाट बघायला लागलं. इतकं जवळ, की श्वास ऐकू यावा. धाप लागलेला श्वास, लांबून चालत आल्यासारखा.

मनकर्णेनं कडी काढली.

जाग आली तेव्हा घर तसंच होतं. कानिफ कूस बदलून झोपलेला. चौकटीतून ऊन आत आलेलं. तिनं चुलीकडं पाहिलं. मागच्या भिंतीवरची कडी कोयंड्यातून सुटून लोंबत होती आणि अजून जराशी हलत होती. वारा नव्हता. भिंत सपाट होती, तिनं हात फिरवून पाहिला, कुठं चीर नव्हती, भेग नव्हती. कानिफनंच सकाळी काढून ठेवली असेल. काढली असेल, विसरला असेल.

परसात आडाची कप्पी करकरली.

एकदा. मग थोडं थांबून पुन्हा. दोर थकल्यासारखा, थांबून थांबून वर येत होता.

मनकर्णा उंबऱ्यापर्यंत गेली. तिथून आडाचा काठ दिसत होता. गेल्या संक्रांतीपासून ज्या दगडावर पाण्याचा थेंब पडला नव्हता, त्यावर ओल होती. आधी एका जागी, मग जरा अलीकडं, जमिनीवर. तळहातात मावतील एवढ्या ओल्या खुणा. ऊन इतकं कडक होतं की मागची खूण वाळेपर्यंत पुढची उमटत होती. त्या सरळ येत नव्हत्या. चार पावलं, मग एक मोठी खूण, बसल्यासारखी. पुन्हा चार.

तिनं मागं वळून नवऱ्याकडं पाहिलं. तो गाढ झोपला होता, बरं वाटलेल्या माणसासारखा. त्याच्या आणि उंबऱ्याच्या मधोमध ती बसली. चौथऱ्याच्या दिशेनं हात जोडले. देवा, तू चोरापासून राखतोस, ती मनात म्हणाली. हे चोर नाही.

मग तिच्या ध्यानात आलं. दुपारी कुत्रं येऊ नये म्हणून तिनंच उंबऱ्यावर फळी टेकवली होती.

तिनं फळी उचलली आणि आवाज न करता बाजूला ठेवली. एवढी उंच फळी मथीला ओलांडता येत नव्हती. ती नुसती धरून उभी राहायची.